हात धुण्यामागचा इतिहास



इस्पितळात परिचारिका एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे वळण्यापूर्वी हात धुते, ही गोष्ट आपल्याला इतकी साधी वाटते की, तिलाही काही इतिहास असेल असे मनात येत नाही. परंतु ही सवय नव्हती म्हणून हजारो बाळंतिणी प्राणांस मुकल्या, आणि ती लावू पाहणाऱ्या एका डॉक्टराच्या वाट्याला उपेक्षाच आली. हा इतिहास मुळात बाळंतिणीच्या खोलीतला आहे. तेव्हा आपण स्त्रियांनी तरी तो जाणून घेतला पाहिजे.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या सरकारी इस्पितळात गोरगरीब स्त्रियांच्या बाळंतपणासाठी दोन विभाग होते. १८४० च्या अखेरीपासून पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकू लागले व दुसऱ्यात सुइणींचे शिक्षण होऊ लागले. कोणत्या स्त्रीने कोठे जायचे, हे ती कोणत्या वारी आली यावर ठरे. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत डॉक्टरांच्या विभागात २०,०४२ बाळंतपणे झाली व १,९८९ माता दगावल्या. म्हणजे शंभरांत जवळजवळ दहा. सुइणींच्या विभागात १७,७९१ बाळंतपणांत ६९१ माता गेल्या. म्हणजे शंभरांत जवळजवळ चार. बहुतेकींचा बळी घेतला तो बाळंतज्वराने.

हा फरक कोणत्याही पंडिताच्या आधी शहरातल्या बायाबापड्यांना कळला होता. पहिल्या विभागाचा वार आहे असे समजताच कित्येकजणी हात जोडून, गुडघे टेकून, "आम्हाला दुसरीकडे न्या" अशी विनवणी करीत. काहींची प्रसूती तर वाटेतच, रस्त्यात होई, आणि मागाहून त्या इस्पितळात येत. नवल असे की, रस्त्यात बाळंत झालेल्या या स्त्रियांना तो ज्वर क्वचितच येई. पण अडाणी बायकांची भीती म्हणून त्या बोलण्याकडे दुर्लक्ष झाले.

१८४६ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीचा तरुण डॉक्टर पहिल्या विभागात साहाय्यक म्हणून आला. त्याने एकेक कारण तपासून पाहिले. हवा दूषित म्हणावी, तर ती दोन्ही विभागांत एकच. गर्दी म्हणावी, तर ती सुइणींकडेच अधिक. मरणोन्मुख स्त्रीकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवीत खोल्यांतून जातो, त्या धसक्याने बायका आजारी पडतात, असेही कोणी म्हणत. सेमेलवाइसने त्याची वाट बदलविली, घंटा बंद करविली. तरी मृत्यू कमी झाले नाहीत.

मार्च १८४७ मध्ये त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदन करविताना एका विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून आजारी पडला व वारला. त्याच्या प्रेताच्या तपासणीत जे आढळले, ते बाळंतज्वराने गेलेल्या मातांच्या शरीरात आढळत असे, तेच! सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टर व विद्यार्थी सकाळी प्रेतांची चिरफाड करीत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासीत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. साबणाने हात धुतले तरी प्रेताचा वास हातांना राही. म्हणजे काहीतरी हाताला चिकटून राहत होते.

मे १८४७ च्या मध्यास त्याने नियम केला की, खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात घासून धुवावे. हा चुना म्हणजे आपण विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडरच. त्या एप्रिलात ३१२ बाळंतपणांत ५७ माता गेल्या होत्या. जूनमध्ये २६८ पैकी ६ आणि जुलैत २५० पैकी अवघ्या ३ गेल्या.

तथापि दोष केवळ प्रेतांचा नव्हता. ऑक्टोबरात गर्भाशयाच्या कर्करोगाने स्राव होणारी एक स्त्री पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून झाल्यावर डॉक्टर नुसत्या साबणाने हात धुऊन पुढे गेले, आणि त्या वेळी तपासलेल्या बारा बाळंतिणींपैकी अकरा दगावल्या. जिवंत रोग्याकडूनही विष हातांवाटे पसरते, हे त्या अकरा जीवांनी शिकविले. मग प्रत्येक तपासणीनंतर चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम झाला. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यू शंभरात सव्वावर आले; म्हणजे सुइणींच्या विभागाइतकेच झाले.

एवढे होऊनही त्याचे म्हणणे मान्य झाले नाही. आपल्याच हातांनी माता मेल्या, हे कबूल करणे मोठमोठ्या डॉक्टरांना जड गेले. सेमेलवाइसचेही चुकले. आपले निष्कर्ष त्याने वेळेवर सविस्तर प्रसिद्ध केले नाहीत. ग्रंथ निघाला तो १८६१ साली. विरोधकांना त्याने पत्रांतून खुनी म्हटले. त्यामुळे मने वळण्याऐवजी दुरावली. १८४९ मध्ये त्याची मुदत संपली, ती वाढवून मिळाली नाही. मायदेशी पेश्ट येथील इस्पितळातही त्याने मृत्यू शंभरात एकाच्या खाली आणले. १८६५ मध्ये मनोरुग्णालयात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जखम चिघळून तो वारला. ज्या विषाशी तो उभा जन्म झगडला, त्यानेच त्याचा घास घेतला. दोनच वर्षांनी लिस्टरने कार्बोलिक आम्लाने शस्त्रक्रियेची जखम निर्विष ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १८७९ मध्ये पाश्चरने पॅरिसमध्ये बाळंतज्वराचे जंतू फळ्यावर काढून दाखविले.

याच काळात परिचारिकांचे शास्त्र घडविणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल लंडनमध्ये काम करीत होती. परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावे, असे तिने १८६० च्या सुमारासच लिहून ठेवले होते. जंतूंचा सिद्धांत तेव्हा तिला पटलेला नव्हता; तरी आकड्यांवर तिचा विश्वास होता. किंग्ज कॉलेज इस्पितळात तिच्या निधीतून सुइणींच्या शिक्षणासाठी काढलेल्या प्रसूतिविभागात बाळंतज्वराने मृत्यू होऊ लागले, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद करण्यात आला. मग तिने ठिकठिकाणचे आकडे जमवून १८७१ मध्ये प्रसूतिगृहांवर पुस्तक लिहिले. स्वतःच्या संस्थेचे अपयश झाकून न ठेवता त्यातून शिकणे, हा तिचा धडा इस्पितळांना आजही उपयोगी आहे.

आपल्याकडे तरी वेगळे काय होते? अंधारी, कोंदट खोली, जुनेरी फडकी, नाळ कापायला मिळेल ते हत्यार! पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा करताना घरच्यांच्या मनात जी धास्ती असे, ती उगीच नव्हती. याच दिवसांत आईला ज्वर व बाळाला धनुर्वात गाठी. पुढे दाईंना पाच गोष्टी शिकविण्यात आल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळेचे टोक स्वच्छ. या स्वच्छतेने, लसीने व इस्पितळातील बाळंतपणांनी मिळून असे यश दिले की, माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

म्हणून मंडळातील भगिनींना एवढेच सांगावेसे वाटते. बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला भेटायला जाताना फळे न्या वा नेऊ नका, पण तिला हात लावण्यापूर्वी आपले हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर भेट पुढे ढकला. बाळाला प्रत्येकीने घ्यायलाच हवे असे नाही. आणि तपासायला आलेल्या डॉक्टरांना वा परिचारिकेला, "हात धुतलेत ना?" असे नम्रपणे विचारायला संकोच करू नका. परिचारिकेवर कामाचा बोजा किती असतो, हे आपण पाहतोच. तिला हे दोषारोपासारखे वाटू नये, अशा शब्दांत विचारावे. व्हिएन्नाच्या त्या बायका गुडघे टेकून जे सांगत होत्या, ते कोणी वेळेवर ऐकले असते तर कित्येक लेकरांच्या आया वाचल्या असत्या.