चकाकीखालची कातडी

जुन्या अलॉय चाकाला आरशासारखी चकाकी आणली की ते ‘मूळ रूपात’ आलं, असं घरी पॉलिश करणारे बहुतेक जण मानतात. या चाकांचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. १९२४ साली लियाँच्या ग्रां प्रीत बुगाटीची टाइप ३५ उतरली, तेव्हा तिच्या ओतीव अॅल्युमिनियम चाकांना आठ चपटे आरे होते आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला होता. चाक काढलं की ड्रमही निघे आणि ब्रेक लगेच तपासता येई. म्हणजे हा धातू चाकात आला तो कामासाठी. पोर्शने १९६६ मध्ये ९११ एससाठी माइनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स कारखान्याकडून चाकं घेतली, त्यामागेही स्प्रिंगखालचं वजन घटवण्याचाच हिशेब होता. हाइनरिख क्ली यांनी रेखलेलं हे पाच पाकळ्यांचं चाक ओतलेलं नव्हतं, प्रचंड दाबाखाली घडवलेलं होतं. त्यामुळे कमी धातूतही ते मजबूत राहिलं.

घडाई झाल्यावर त्यावर अॅनोडायझिंग होई, आणि माझ्या मते चाकाची ओळख तिथेच आहे. उघड्या अॅल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर आपोआप धरतो, पण तो काही नॅनोमीटरचाच. अॅनोडायझिंगमध्ये आम्लाच्या टाकीत वीज सोडून वाढवलेला थर मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो. तो रंगासारखा वरून चढवलेला नसतो, धातूतूनच उगवलेला असतो. त्याची मंद, रेशमी झाक हेच त्या चाकाचं जन्मरूप. घरी पॉलिश करताना आधी कॉस्टिक सोडा असलेलं ओव्हन क्लीनर मारलं की हा थर विरघळतो. मग ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर आणि शेवटी बफ. फडकं काळं होतं ते नुसत्या मळाने नव्हे. त्या काळ्यात चाकाचा धातूही असतो. एवढं करून उघडा पडलेला धातू पुन्हा मंदावतो, पुन्हा घासावा लागतो.

यावर रास्त आक्षेप असा की युरोपातल्या हिवाळी रस्त्यांवरच्या मिठाने थर आधीच खाल्लेला असेल, तर जपायचं काय? अॅनोडायझिंगला ठिगळ लावता येत नाही, ते सगळंच उतरवावं लागतं. हे मान्य. अशा चाकाचा थर जरूर काढावा, पण आरशापर्यंत न जाता अलीकडेच थांबून ते पुन्हा अॅनोडाइझ करून घ्यावं. मालकाला चकाकीच आवडते, हाही आक्षेप खरा आहे. आवडीला हरकत नाही, तिला ‘मूळ’ म्हणायला आहे. शिवाय ज्यांचा थर मळाखाली शाबूत असतो, अशी चाकंही केवळ काळपट दिसतात म्हणून सोलली जातात, आणि याचं वाईट वाटतं. त्यांना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. सुरुवात मागच्या बाजूने करावी. ब्रेकच्या काजळीखाली पार्ट नंबर आणि घडाईचा महिना-साल ठोकलेलं असतं. ते आधी वाचावं, मग पुढचा हात लावावा.