आपला उजेड, समोरच्याचा अंधार

रात्री अकराच्या सुमाराला ताम्हिणी घाट उतरताना एका वळणावर समोरून पांढराफटक झोत अंगावर येतो. दोन सेकंद काहीच दिसत नाही. ना कठडा, ना रस्त्याची कड, ना कडेनं चालणारा माणूस. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद म्हणजे साधारण ३३ मीटर. तेवढा रस्ता आपण आंधळेपणानं कापतो. तोंडातून आधी शिवी निघते आणि मग मनात येतं, आपणही तसलेच एलईडी बसवून घेऊ.

हा विचार आपल्याला आज सुचला असला, तरी हे भांडण मोटारीइतकंच जुनं आहे.

सुरुवातीच्या मोटारींना बग्गीसारखे तेलाचे दिवे असत. ते बघण्यासाठी कमी आणि दिसण्यासाठी जास्त. मग कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याची ज्योत चांगली पांढरी, प्रखर असते. पण गाडी थांबवायची, उतरायचं, पाणी-कार्बाइड भरायचं आणि काडी ओढायची, असा सगळा सोहळा. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनी हा वायू नळकांड्यात भरून विकायला सुरुवात केली. प्रेस्ट-ओ-लाइट हे त्या कंपनीचं नाव. धंदा तुफान चालला आणि त्यांच्या कारखान्यांत स्फोटही झाले. पुढे याच दोघांनी आणखी दोन भागीदारांसोबत १९०९ मध्ये इंडियानापोलिसची प्रसिद्ध रेस ट्रॅक उभी केली. त्यांच्या श्रीमंतीत रात्री गाडी हाकणाऱ्यांच्या गरजेचा मोठा वाटा होता.

विजेचा दिवा तेव्हा नव्हता असं नाही. १८९८ मध्ये कोलंबिया कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीला तो मिळत होता. पण खडबडीत रस्त्यावर आतली तार तुटायची, आणि पेट्रोलच्या गाडीत पुरेशी वीज तयार करणारा छोटा डायनामो नव्हता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांची विद्युतव्यवस्था आली. तिची आठवण बहुतेक जण सेल्फ-स्टार्टरसाठी काढतात, पण हँडल मारणं बंद करणारी तीच व्यवस्था बॅटरी चार्ज करत होती आणि दिवेही पेटवत होती.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. उजेड वाढला आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागला. १९१५ मध्ये झोत खाली झुकवता येणारे दिवे आले, पण त्यासाठी गाडी थांबवून खाली उतरावं लागे. १९१७ मध्ये कॅडिलॅकनं आत बसल्या बसल्या दांडी ओढून झोत झुकवायची सोय केली. १९२०च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तारा आल्या, एक लांबच्या झोतासाठी आणि एक जवळच्या. आपल्या ट्रकांच्या पाठीवर रंगवलेला 'डिपर' तो हाच.

म्हणजे डिपर हा सुरुवातीपासूनच तडजोडीचा मामला आहे. थोडा वेळ मी कमी बघतो, म्हणजे तुला दिसेल. त्यात यंत्र जेमतेम अर्धं काम करतं. उरलेलं काम चालवणाऱ्याच्या बोटानं करायचं असतं.

माणसाच्या भलेपणावर अवलंबून न राहता हा प्रश्न सोडवायचा, असं एका तरुणानं ठरवलं होतं. एडविन लँड हार्वर्ड अर्धवट सोडून प्रयोग करत होता आणि १९२९ मध्ये, विशीत असतानाच, त्यानं प्रकाश एकाच दिशेत गाळणाऱ्या पातळ पत्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची कल्पना आजही थक्क करते. प्रत्येक गाडीच्या दिव्यांवर आणि चालवणाऱ्यासमोर असा पत्रा ४५ अंशांत एकाच बाजूला झुकवून लावायचा. स्वतःच्या दिव्याचा उजेड आपल्याला दिसतो. पण समोरची गाडी उलट्या तोंडाची असल्यामुळे तिचा पत्रा आपल्या पत्र्याशी काटकोनात येतो, आणि तिचा झोत आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. दोघंही पूर्ण उजेड वापरणार आणि कोणीच कोणाला आंधळं करणार नाही.

गाड्यांच्या कंपन्यांनी ती कल्पना कधीच स्वीकारली नाही. पत्रा निम्म्याहून जास्त प्रकाश खात होता, म्हणजे दिवे आणखी प्रखर करावे लागले असते. त्याहून मोठी अडचण अशी की सगळ्या गाड्यांना पत्रे लागल्याशिवाय फायदा नव्हता. पहिल्यांदा पैसे मोजणाऱ्याला हाती काहीच लागलं नसतं. लँडनं १९३७ मध्ये काढलेली कंपनी जगाला माहीत झाली ती झटपट फोटोंच्या कॅमेऱ्यामुळे. तिचं नाव पोलरॉइड. ज्या प्रश्नासाठी त्यानं सुरुवात केली, तो रस्त्यावर तसाच राहिला.

उजेडच काढून घेतला तर काय होतं, हेही याच काळात दिसलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट झाला आणि हेडलाइटवर झाकणं बसली. १९३८ मध्ये तिथे रस्त्यावर ६,६४८ माणसं मेली होती. १९४१ मध्ये ९,१६९ मेली, आणि तेही पेट्रोलचं रेशनिंग असताना. म्हणून 'चांगला उजेड हवा' ही मागणी चैनीची नाही. ती जिवाची आहे.

अमेरिकेनं १९४० मध्ये सील्ड बीम आणला. काच, परावर्तक आणि तार हे सगळं एकाच बंद भांड्यात, सात इंच व्यासाचं आणि सर्व गाड्यांना सारखंच. आधीचे परावर्तक धुळीनं, गंजानं काळवंडत, ती कटकट गेली. पण चांगला नियमही शिळा होतो. युरोपात १९६२ मध्ये हॅलोजन बल्ब आला, १९७१ मध्ये दोन तारांचा एच-४ आला, आणि अमेरिकेत मात्र बदलता येणाऱ्या बल्बच्या हेडलाइटला १९८३ पर्यंत परवानगी नव्हती.

तो सात इंची गोल दिवा आपल्या ओळखीचा आहे. ॲम्बॅसडर आणि बुलेट यांचा चेहरा म्हणजे तोच. आणि गॅरेजमध्ये आपण जो 'अपग्रेड' मागतो, त्याचं गणितही त्याच दिव्यात समजून घेता येतं.

एच-४ बल्ब हातात घेऊन बघा. जवळच्या झोताच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. तारेचा जो प्रकाश परावर्तकाच्या खालच्या भागावर आपटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता, तो ही वाटी अडवते. तार कुठे हवी हे मिलिमीटरमध्ये ठरलेलं असतं. त्याच जागी स्वस्तातला एलईडी खुपसला की प्रकाशाचा उगमच बदलतो, झोताची वरची रेघ फिसकटते आणि उजेड सगळीकडे सांडतो. आपल्याला वाटतं, वा, काय लख्ख पडतोय! पण तो लख्खपणा गाडीच्या पुढ्यात आणि झाडांच्या शेंड्यांवर असतो. पुढ्यात जास्त उजेड पडल्यानं डोळे त्याला सरावतात आणि दूरचा अंधार उलट गडद होतो.

शिवाय अंतर दुप्पट झालं की तेवढाच उजेड पाडायला चौपट प्रकाश लागतो. म्हणजे दुप्पट प्रखर बल्ब लावूनही नजर दुप्पट लांब जात नाही, फार तर दीडपटीपेक्षा थोडी कमीच जाते. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा झोत मात्र सरळ दुप्पट होतो.

जुन्या गाडीत खरा फरक बऱ्याचदा साध्या गोष्टींनी पडतो. हॅलोजनला मिळणारं व्होल्टेज १० टक्के घसरलं तर उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. जुनी वायर आणि झिजलेला स्विच नेमकं हेच करतात. रिले लावून बॅटरीपासून जाड वायर दिली की तोच बल्ब उजळतो. पिवळी पडलेली काच घासून घ्यावी. आणि सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची रेघ बघावी. आपण डावीकडून चालतो, म्हणून जवळचा झोत डावीकडे किंचित वर चढतो आणि उजवीकडे, जिथून समोरची गाडी येते, तिथे खाली राहतो.

आता कॅमेऱ्यानं समोरची गाडी ओळखून झोतातला तेवढाच तुकडा विझवणारे दिवे आले आहेत. अमेरिकेनं त्यांना २०२२ मध्ये परवानगी दिली. लँडचं स्वप्न वेगळ्या वाटेनं पुरं होतं आहे, पण अजून तरी बहुतांशी महागड्या गाड्यांमध्ये. या गाड्यांतही पहिला पैसा मोजणाऱ्याचा फायदा समोरच्याला मिळतो, आणि तो माणूस बहुधा जुन्या दुचाकीवर असतो.

तोवर घाटातल्या त्या वळणावर काम भागवायचंय ते शंभर वर्षं जुन्या सोयीवर. हाताशी एक खटका आहे. समोरचा उजेड दिसला की तो खाली करायचा. बहुतेक वेळा समोरचाही करतो.