तळटीप : मूडलचे भाषासंच

* मूडल : मार्टिन डुगियामस यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेली मुक्तस्रोत शिक्षणप्रणाली, पहिली आवृत्ती २००२. तिच्या पडद्यावरचे प्रत्येक वाक्य आज्ञावलीपासून वेगळे, स्वतंत्र ओळखखुणेसह साठवलेले असते. मूळ मजकूर इंग्रजीत. ‘एमॉस’ या सामायिक साधनातून स्वयंसेवक अनुवाद सुचवतात आणि त्या भाषेचे संपादक ते तपासून भाषासंचात घेतात. अनुवाद न झालेल्या जागी इंग्रजी मजकूर दिसतो, त्यामुळे अपुरा संचही वर्गात वापरता येतो. एखाद्या महाविद्यालयाने स्वतःपुरते केलेले बदल निराळे जपले जातात. संच अद्ययावत झाला तरी ते पुसले जात नाहीत. मराठी संचही असाच घडतो. तो पूर्णत्वाला नेण्यासाठी मराठी शिक्षकांनी या कामात अवश्य उतरावे. – संपा.