दाराला लटकलेली पिशवी

आपली सोसायटी १९९९ साली नोंदली गेली. संयुक्त राष्ट्रांनी तेच वर्ष ज्येष्ठांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. भारत सरकारचं ज्येष्ठांविषयीचं राष्ट्रीय धोरणही त्याच वर्षी आलं. आमचं कुठलं लक्ष! आम्ही चाळिशीत होतो, सभेत भांडायचो ते पाणी आणि पार्किंगवरून.

पुढे मुलं नोकरीसाठी बाहेर गेली. घरात दोघं उरली, काही ठिकाणी एकच. एकदा बी विंगमधल्या आजी सकाळी बाथरूममध्ये पडल्या. दुधाची पिशवी दुपारपर्यंत दाराला लटकत होती. जाता-येता मीही ती पाहिली आणि पुढे गेलो. आजी वाचल्या, पण ती बोच अजून आहे.

त्यानंतर ठरलं : नऊपर्यंत पिशवी आत गेली नाही, तर मजल्यावरच्यांनी बेल वाजवायची. जादा किल्ली शेजारी ठेवायची. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तरुण मुलं औषधं, भाजी पोचवू लागली आणि कामाची रीतसर यादी झाली. १४५६७ हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय मदत क्रमांकही लिफ्टजवळ लागला.

बँकेत सोबत जायचं, पण व्यवहार त्यांनीच करायचा, हा नियम आजींचा. "सोबत ये, सही माझी मी करीन," असं त्या बजावतात.

आज माझं नाव दोन्ही याद्यांत आहे : बेल वाजवणाऱ्यांच्या आणि ज्यांची वाजवायची त्यांच्याही. पहिल्या यादीत माणसं कमी पडताहेत. तरुण सभासदांनी सेक्रेटरींकडे नाव द्यावं, ही विनंती.