खव्याचा रंग आणि प्रथिनांना जडणारी साखर : भट्टीवर काय सांभाळावे?

भूम तालुक्यात कुंथलगिरीसह अनेक गावांत दुधाला खवा भट्टीचा आधार आहे. एकाच गोठ्यातील दुधाचा खवा एक दिवस पांढरट, मऊ आणि दुसऱ्या दिवशी तांबूस, कडवट निघाला, तर दोष बहुधा जनावरात नसतो. दुधातील साखर प्रथिनांना किती जडली, यावर खव्याचा रंग आणि चव बरीचशी ठरते. हे प्रमाण तुमच्या हातात असते.

साखर दोन ठिकाणी जडते

*कासेत :* दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन असते. त्यातील कप्पा केसीनला कासेतील विकरे साखरेचे छोटे तुकडे जोडतात. त्यामुळे केसीनचे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि ताजे दूध उकळले तरी फाटत नाही. दूध आंबले की कणांवरचे हे संरक्षण ढासळते.

*भट्टीवर :* येथे विकरांची गरज नसते. उष्णतेने लॅक्टोज ही दुधातील साखर प्रथिनातील लायसीनला जडते. फ्रेंच शास्त्रज्ञ मेलार्ड यांनी १९१२ मध्ये साखर आणि अमिनो आम्लांमधील ही अभिक्रिया मांडली. ऊसाची साखर लॅक्टोजप्रमाणे थेट जडत नाही. खवा भाजून तांबूस केलेल्या पेढ्याचा रंग व खमंगपणा मुख्यतः लॅक्टोजमुळे येतो.

प्रमाणात फायदा, अतिरेकात तोटा

नियंत्रित जोडणीने प्रथिनांचे गुण सुधारतात. अन्नतंत्रज्ञानात पनीर किंवा चीजच्या निवळीतील प्रथिनांची भुकटी माल्टोडेक्स्ट्रिनसोबत सुमारे ६० अंश सेल्सिअसला, ठराविक आर्द्रतेत ठेवतात. अशी प्रथिने पाण्यात अधिक चांगली विरघळतात आणि स्निग्धांश धरून ठेवतात. हे काम प्रयोगशाळेचे किंवा कारखान्याचे आहे, भट्टीवर करून पाहू नये.

भट्टीवर अतिरेक झाला तर खवा तपकिरी आणि कडवट होतो. शिवाय जडलेले लायसीन शरीराला मिळत नाही. ज्वारीच्या भाकरीत लायसीन कमी असते. ती उणीव दूध भरून काढते, म्हणून हे नुकसान छोटे नाही.

सोडा का टाळावा?

उन्हाळ्यात दूध फाटू नये म्हणून काही जण खाण्याचा सोडा टाकतात. सोड्याने आम्लता दबते, पण साखर जडण्याचा वेग वाढतो आणि खवा लवकर काळपट होतो. दुधात असा पदार्थ मिसळणे अन्नसुरक्षा नियमांनाही धरून नाही. रोझोलिक आम्लाच्या चाचणीत सोड्याचे दूध गुलाबी-लाल रंग दाखवते.

भट्टीवर काय करावे?

- धार काढल्यावर दूध लगेच गाळून थंड करावे. ताज्या दुधाची आम्लता साधारण ०.१३ ते ०.१७ टक्के असते.
- कढईत ओतण्यापूर्वी थोडे दूध परीक्षानळीत उकळून पाहावे. गुठळ्या आल्यास ते दूध चांगल्या दुधात मिसळू नये.
- सुरुवातीला जाळ मोठा ठेवावा, मात्र तळ आणि कडा सतत खरवडाव्यात.
- दूध घट्ट होऊन गोळा धरू लागताच जाळ कमी करावा. या टप्प्यात तापमान ८५ ते ८८ अंश पुरेसे असते. पाणी कमी झाल्याने साखर येथेच झपाट्याने जडते.
- खवा कडा सोडू लागला की कढई उतरवावी. तापलेल्या कढईत तो तसाच ठेवू नये.
- थंड झाल्यावर स्वच्छ भांड्यात भरून शीतगृहात ठेवावा. उबदार जागेत रंग पुढेही गडद होत राहतो.

अन्नसुरक्षा मानकानुसार खव्यात एकूण घनपदार्थ किमान ५५ टक्के आणि कोरड्या भागात दुधाचा स्निग्धांश किमान ३० टक्के हवा. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील प्रात्यक्षिकात एकाच दुधाचे दोन घाणे करावेत : एक शेवटी मंद जाळावर, दुसरा मोठ्या जाळावर. दोन्ही खवे शेजारी ठेवले की रंग आणि चवीतला फरक लगेच लक्षात येतो.