सांधा आणि वाचा

ज्या जांब गावी इ. स. १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थांनी पुढे दासबोधात परा, पश्यंती, मध्यमा व वैखरी या चार वाचांचे विवेचन केले, तेथे बसून ‘आर्टिक्युलेट’ या इंग्रजी शब्दाचा विचार करणे अगदीच अप्रस्तुत नव्हे. कारण सुस्पष्ट बोलणाऱ्या वक्त्याला आणि सांध्याने जोडलेल्या अस्थीला एकाच विशेषणाने संबोधणारा हा शब्द ‘आर्टिक्युलस’, म्हणजे लहानसा सांधा, या लॅटिन शब्दापासून निघाला, आणि त्याचाच भाऊबंद ‘आर्टिकल’ करारनाम्यात कलम होऊन बसला. (आंब्याचे कलमही सांध्यावरच जगते, हा निव्वळ योगायोग.) आमचा ‘संधि’ मात्र अधिक ऐसपैस: हाडांचा, वर्णांचा, दोन दौलतींमधील तहाचा, शिवाय अनुकूल वेळेचाही! लॅटिन शब्दातही ‘क्षण’ हा अर्थ होताच.