अॅकवर्थसाहेबांचा आश्रम

रामजोशांच्या सोलापुरात शाहिरी वाङ्मयाची गोष्ट निघाली म्हणजे अॅकवर्थ हे नाव कधी ना कधी कानी पडतेच. शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या साहाय्याने ह्या इंग्रज अधिकाऱ्याने गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे गोळा करविले व १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १८९४ मध्ये त्यांतील निवडक पोवाड्यांचे इंग्रजी रूपही त्यांनी लंडनमध्ये छापविले. मराठी वाचकांनी कृतज्ञ राहावे ह्यास एवढेच कार्य पुरेसे आहे. परंतु ह्याच हॅरी आर्बथनॉट अॅकवर्थ ह्यांच्या नावाचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय मुंबईस वडाळ्यास उभे आहे, ही गोष्ट पोवाडे वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. त्या संस्थेचा वृत्तान्त आमच्या मते ग्रंथाइतकाच वाचनीय आहे, आणि त्याहून अधिक अवघडही आहे.

ह्या रोगास आपल्याकडे रक्तपिती म्हणत, महारोग म्हणत, आणि पुष्कळदा नावच घेत नसत. रोगी आधी घरातून वेगळा होई, मग गावातून. १८६३ मध्ये बोरघाट फोडून लोहमार्ग पुरा झाल्यावर देशावरचा माणूस मुंबईस जाऊ लागला. १८७६-७७ च्या दुष्काळाने तर सोलापूरसारखे जिल्हे पार हलवून सोडले. ज्याच्या बोटांत काम करण्याची शक्ती उरली नव्हती, त्यास त्या अफाट शहरात भिक्षेवाचून दुसरा उद्योग कोणता असणार? भायखळ्यास जमशेटजी जिजीभाईंची धर्मशाळा होती, तीत अशा रोग्यांस आसरा मिळे, बाकीचे रस्त्यावर.

त्यांची दया येण्याआधी लोकांस त्यांचे भय वाटू लागले, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. १८७३ मध्ये नॉर्वेतील हान्सेन ह्यांनी ह्या रोगाचा सूक्ष्म जंतू पाहिला. त्याच सुमारास मुंबई इलाख्यातील डॉक्टर हेन्री कार्टर नॉर्वेस जाऊन तेथील आश्रम पाहून आले. हे कार्टर म्हणजे ज्यांच्या चित्रांवर ग्रे ह्यांचा प्रसिद्ध शारीरग्रंथ उभा आहे तेच; साताऱ्यास ते अनेक वर्षे सिव्हिल सर्जन होते. रोग्यांस वेगळे ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. मग १८८९ च्या एप्रिलात हवाई बेटांत रोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले, व ती वार्ता जगभर पसरली. मुंबईच्या वृत्तपत्रांतून व सभांतून रस्ते मोकळे करण्याची मागणी होऊ लागली.

अॅकवर्थ १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर झाले. रोग्यास बळाने उचलून नेण्याचा स्वतंत्र कायदा तेव्हा नव्हता. तेव्हा त्यांनी १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यातील एक कलम हाती घेतले. भयंकर रोगाने पीडित व राहण्याची योग्य सोय नसलेल्या मनुष्यास इस्पितळात हलवावे, असा त्याचा आशय होता. लोकवर्गणी जमवून माटुंग्यास आश्रम बांधला, व १८९० च्या अखेरीस तो उघडला. नाव ठेवले ‘बेघर महारोग्यांचा आश्रम’. वाचकांनी ह्या नावातील पहिल्या शब्दाकडे लक्ष द्यावे. ज्याला घर होते त्याच्या दारी शिपाई जात नव्हता. जंतू दोघांच्याही अंगी तेच, पण पकडला जाई तो छप्पर नसलेला. सांसर्गिक रोगापासून शहराचे रक्षण हाच खरा हेतू असता, तर ही निवड कशी जुळावी?

तथापि आत जे घडले ते नुसते कोंडवाड्याचे नव्हते. डॉक्टर नसरवानजी चोक्सी, जे पुढे प्लेगच्या साथीत आर्थर रोडच्या इस्पितळातील कामामुळे प्रसिद्धीस आले, ते येथील वैद्यकीय अधिकारी होते. आवारात हिंदूंचे देऊळ, मुसलमानांची मशीद व कॅथलिकांचे प्रार्थनामंदिर, अशी तिन्ही होती. ज्यांस अंगमेहनत झेपे ते शेतावर काम करीत. ह्या शेतास आश्रमाच्याच मैल्याचे खत-पाणी देत असत, आणि त्यातून एक नवल निर्माण झाले. मैला बंद टाकीत कुजत ठेवला असता जो वायू सुटतो, तो धरून १८९७ च्या सुमारास येथे दिवे लावले व पुढे १९०७ मध्ये त्याच वायूवर यंत्रही चालविले. आज गोबर गॅस म्हणून खेडोपाडी जे साधन परिचित आहे, त्याच्या जगातील आरंभीच्या प्रयोगांत माटुंग्याचे नाव घेतात. (कित्येक पुस्तकांतून ह्या प्रयोगाचे साल १८५९ असे देतात. आश्रमच १८९० चा. तेव्हा ते साल खरे कसे मानावे?) ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांच्या वस्तीतून हे ज्ञान बाहेर आले.

पळून जाणारेही होते. त्यांस दोष देण्यास आमचे मन धजत नाही. सरकारने नेमलेल्या कुष्ठरोग कमिशनने १८९०-९१ मध्ये देशभर हिंडून असा अभिप्राय दिला की, हा रोग संसर्गाने फार थोडा पसरतो, सक्तीने वेगळे ठेवण्याचे कारण नाही. तरीही १८९८ मध्ये कायदा झालाच! त्याने वॉरंटावाचून धरण्याचा अधिकार दिला, पण कोणास? भीक मागणाऱ्या, निर्वाहाचे साधन नसलेल्या रोग्यास. म्युनिसिपालिटीच्या कलमात घर नसणे हा अपराध होता, ह्यात पैसा नसणे. शास्त्र एकीकडे राहिले, दारिद्र्य मात्र पकडले गेले.

औषध म्हणून पुष्कळ वर्षे चौलमुग्र्याचे तेल टोचीत. वेदना फार, गुण थोडा. १९४१ मध्ये अमेरिकेत सल्फोन औषधांचा प्रयोग झाला व काही वर्षांतच ती हिंदुस्थानात आली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली, तेव्हापासून रोग निश्चित बरा होऊ लागला. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून दुसऱ्यास भय उरत नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये जे काम आरंभिले, त्यात पोलिसाची गरजच नव्हती. त्या मार्गाची योग्यता वैद्यकाने अशी मागाहून सिद्ध केली.

१८९८ चा कायदा राज्याराज्यांतून हळूहळू जाऊन शेवटी २०१६ मध्ये संसदेने रद्द केला. पती किंवा पत्नीस हा रोग आहे म्हणून घटस्फोट मागता येई, ती तरतूद २०१९ मध्ये गेली. अॅकवर्थांचे नाव धारण करणारे रुग्णालय मुंबई महानगरपालिका चालविते. संस्थेच्या इतिहासाचे एक छोटे संग्रहालयही तेथे आहे. अशा जुन्या संस्थांतून बरे होऊनही मागेच राहिलेली वृद्ध माणसे असत आली आहेत. त्यांस न्यावयास कोणी आले नाही, म्हणून ती तेथेच राहिली.